आवराआवरीची बादली

आमच्या घरात आवाज चढले की ही, म्हणजे माझी बायको, बादली घेऊन निघायची.

लोखंडी बादली, कडी एका बाजूने निसटलेली. खाली सोफ्यांचा कारखाना आणि वर आम्ही राहणार, त्यामुळे हत्यारांना तोटा नव्हता. ही आधी अण्णांची काठी उचलायची, मग मुलाचा हातोडा, मग मोठी कातर, गादी शिवायची वीतभर सुई, आणि वर जाऊन सूनबाईच्या हाताशी असलेली किटली. सगळं बादलीत घालून गच्चीवर ठेवायची, दाराला कडी लावायची आणि खाली येऊन म्हणायची, "हं. आता भांडा."

माझ्याकडून तिने कधी काही घेतलं नाही. पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. मी पुस्तक धरून बसलेला असायचो.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याऐंशी. कारखाना त्यांचा, घर त्यांचं. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, लग्न झाल्यावर जागा मिळेपर्यंत महिनाभर म्हणून इथे राहायला आलो आणि घरजावई होऊन बसलो. अण्णा मला "जावईबापू" म्हणतात, तेही असं की पाहुण्याला गाडीची वेळ विचारावी. मुलगा माझ्यावर गेला नाही, तो अण्णांच्या हाताखाली तयार झाला. नात सोळा वर्षांची, बारीक आणि टोकदार, म्हणून अण्णांनीच तिचं नाव टाचणी ठेवलं.

भांडणं लहानसहान नसायची. एकदा अण्णा न्हाणीघरात तासभर बसले म्हणून मुलाने खांदा मारून दार बिजागऱ्यांसकट पाडलं. अण्णा डोक्याला साबण लावलेले तसेच उठले आणि त्यांनी तांब्या त्याच्या कानशिलावर हाणला. दुसऱ्या एका दिवशी सूनबाईने नवऱ्यावर कुकरचं झाकण फेकलं. त्याची खोक भिंतीला अजून आहे, वर कॅलेंडर लावलंय. आणि दोनच तासांनी तोच मुलगा अण्णांचा पाय मांडीवर घेऊन त्यांची नखं कापत बसलेला, अण्णा "हळू रे रेड्या" म्हणताहेत, आणि टाचणी सकाळच्या भांडणात कोण कसं ओरडलं याच्या नकला करतेय. सूनबाई हसून हसून भिंतीला टेकलेली. त्या वेळी घरात जे काही असायचं त्याला आनंदच म्हणायला हवं. मी ते अनेकदा लिहून पाहिलं. कागदावर उतरलं की खोटं वाटतं.

पण एक गोष्ट हसण्यावारी गेली नाही. मुलगा अकरा वर्षांचा असताना त्याने एका खुर्चीला खिळे तिरके मारले. अण्णा म्हणाले, "हात टेबलावर ठेव." त्याने ठेवला. अण्णांनी त्याच्या अंगठ्यावर हातोडी मारली, एकदाच, अगदी मोजून. नख गेलं, आणि हाड वाकडं जुळलं ते जुळलंच. मी तिथेच खिडकीजवळ बसलो होतो. पान उलटलं की नाही ते आठवत नाही, पण उठलो नाही हे नक्की. घर माझं नव्हतं, असं तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं.

परीक्षा संपल्यावर टाचणी कापड कापायला शिकायला बसली. अण्णा खूश होते. "हिचा हात माझ्यावर गेलाय," म्हणायचे. तिला एका वकिलांच्या सोफ्याची हिरवी मखमल दिली. मखमलीची लव एकाच दिशेने, खाली उतरती ठेवावी लागते. एखादा तुकडा उलटा लागला की तो वेगळ्या रंगाचा दिसतो. टाचणीने पाठीचे दोन तुकडे उलटे कापले आणि शिवूनही टाकले.

दुपारची वेळ. मी माझ्या खिडकीत, मांडीवर शब्दकोश. अण्णा खुर्चीत. मुलाने पाठीवरून तळवा फिरवला आणि थांबला.

"ही लव वर का जातेय?"

"कापड वाचवलं," टाचणी म्हणाली.

"कापड वाचवलं! दोन रंगांचा सोफा दिसतोय हा. त्या ताग्यातलं वीतभरसुद्धा शिल्लक नाही आता!"

"मग सांगा त्यांना, सोफ्यावर बसायचं असतं, समोर उभं राहून बघायचं नसतं."

अण्णांना हसू आलं. त्यामुळेच मुलगा जास्त भडकला असावा. त्याने सोफ्याला लाथ घातली, चौकटीची फळी कडाडली. मग टाचणीच्या थोबाडीत मारली. तिने हाताला लागला तो खिळ्यांचा डबा उचलून त्याच्या तोंडावर मारला. खिळे फरशीभर झाले. त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला खिळ्यांवरून फरफटत टेबलापाशी नेलं.

वर बादली वाजली. ही निघाली होती. पण तिचे गुडघे आता तिचं ऐकत नाहीत. एक पायरी, बादलीचा खणखणाट, मग बराच वेळ काही नाही, मग पुढची पायरी.

"हात टेबलावर ठेव," मुलगा म्हणाला.

तेच शब्द. आवाजही तोच. त्याने हातोडा उचलला, तेव्हा दांड्यावर त्याचा तो वाकडा अंगठा मला दिसला.

"अंगठा नको," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "करंगळीवर मार. अंगठा गेला तर ती कातर कशी धरेल?"

टाचणीचा हात टेबलावर दाबलेला होता. ती बापाकडे बघत नव्हती, अण्णांकडेही नाही. माझ्याकडे बघत होती.

मी उठलो. काहीतरी बोलायचं म्हणूनच उठलो होतो. 'बाळा, थांब' असं म्हणावं, की 'खबरदार'? 'खबरदार' माझ्या तोंडी शोभलं नसतं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, त्या खोडीने माझंच वाक्य पुरं होईना. तेवढ्यात हातोडा वर गेला.

मी शब्दकोश फेकला.

नेम मुलाच्या हातावर धरला होता. पण मी जन्मात काही फेकलेलं नव्हतं. तो कोश अण्णांनीच माझ्या लग्नात बांधून दिला होता, जाड चामडं, चारी कोपऱ्यांना पितळी पत्रे. "वाचायचं तर वाचा, पण पुस्तक उघडंवाघडं नका फिरवू," म्हणाले होते. तो मुलाच्या डोक्यावरून गेला आणि त्याचा पितळी कोपरा अण्णांच्या कपाळात बसला. अण्णा खुर्चीसकट मागे कोसळले.

हातोडा खाली पडला. मुलगा अण्णांकडे धावला, टाचणीही धावली. ज्या हाताचा क्षणापूर्वी चुरा होणार होता, त्याच हाताने तिने समोरचा मखमलीचा तुकडा ओढून जखमेवर दाबला. माझ्याकडे वळून ओरडली, "आजोबा! वेड लागलं का तुम्हाला?"

मुलाने येऊन माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर आदळलं. चष्मा गेला. "म्हाताऱ्या माणसाला मारता? अण्णांना?" त्याच्या ओठातलं रक्त माझ्या शर्टावर उडत होतं. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा माझ्या खांद्यात काहीतरी करकरलं.

"कोणी मारलं मला?" अण्णांनी खालून विचारलं.

"बाबांनी," मुलगा म्हणाला.

"कोणी?"

"बाबांनी! शब्दकोश फेकला!"

अण्णांच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. त्यांनी ते पुसलं, मला नीट शोधलं आणि हसायला लागले. छातीत धाप लागेपर्यंत हसले. "चला," म्हणाले, "जावईबापू घरी आले एकदाचे."

मी म्हणालो, "तिच्या हाताला परत कोणी... कोशाचा दुसरा भाग वर आहे माझ्याकडे."

धमकी म्हणून हे किती हास्यास्पद आहे ते मला तेव्हाही कळत होतं. टाचणी खुदकन हसली आणि लगेच रडायला लागली.

मुलाने माझी कॉलर सोडली नव्हती. अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या वेळेला हा उठला असता, तर बरं झालं असतं. मला कोणीतरी मारायला हवं होतं."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता खरा मारणार. मारलं असतं तर माझी ना नव्हती. पण त्याची मूठ हळूहळू सुटली. तो खाली बसला आणि टाचणीच्या पायात रुतलेले खिळे एकेक काढू लागला. ती "आई गं" म्हणाली की थांबत होता.

तेवढ्यात ही दारात पोचली. तिने सगळीकडे नजर फिरवली. अण्णांची काठी बादलीत टाकली. हातोडा टाकला. कातर, सुई, रिकामा डबा. मग उलटा पडलेला शब्दकोश तिने उचलला, पितळी कोपऱ्यावर बोट फिरवलं, बोटाला लागलेलं बघितलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. लग्नात बघितलं होतं त्यानंतर इतकं निरखून तिने मला बघितलेलं नव्हतं.

तिने तो बादलीत घातला. बादली जड झाली म्हणून दोन्ही हातांनी धरून ती जिना चढू लागली.

अण्णांना पाच टाके पडले. वकिलांचा सोफा गेला, मखमलीवर रक्ताचे डाग बसले होते. हात टेबलावर ठेवायला त्यानंतर कोणी कोणाला सांगितलं नाही. बाकी भांडणं पूर्वीसारखीच चालतात. परवाच सूनबाईने आरसा फोडला. फरक इतकाच की आवाज चढले की ही बादली घेऊन आधी माझ्याकडे येते आणि हात पुढे करते. मला फार लाज वाटते. मी मुकाट्याने कोश देतो.

काही वेळा द्यायला जरा उशीर करतो.