वाळवणातला कॅमेरा

पावसाळा सरून सावली गावात कडक ऊन पडलं की कमलाबाई निम्मं घर अंगणात काढत. डाळ, जवस, गोधड्या, चपला, झालंच तर सुनेची पुस्तकंसुद्धा. ओल आणि बुरशी हे त्यांचे हाडवैरी. त्यामुळे रिना कॉलेजात शिकवून परत आली आणि बाजेवर मिरच्यांच्या शेजारी तिला आपला कॅमेरा दिसला, तेव्हा त्यात नवल असं काही नव्हतं. त्याचं मागचं झाकण मात्र सताड उघडं होतं. वर धूळ बसू नये म्हणून पातळ फडकंही टाकलेलं, एवढी काळजी!

“आलमारीत ओल धरली होती,” सासूबाई म्हणाल्या. “तासभर ऊन देल्लं. आता नाई लागत बुरशी.”

“बरं केलं आई,” रिना म्हणाली आणि झाकण लावलं. चेहरा मात्र उतरला होता.

तो रोलचा जुना कॅमेरा. रोल धुऊन येईपर्यंत आत काय उमटलंय ते कुणालाच दिसत नाही, आणि त्याआधी उजेड लागला की सगळं जळून जातं. त्या रोलमध्ये देवाजी होते, तिचे सासरे.

देवाजींनी आयुष्यभर एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं सिरोंच्याची मुक्कामी गाडी. उन्हाळ्यात रिना त्यांना त्याच रस्त्याने प्रवासी म्हणून घेऊन गेली. बाबा खिडकीशी बसले आणि सावली सुटायच्या आत त्यांनी ड्रायव्हरच्या चुका काढायला सुरुवात केली. रिनाने वाटभर फोटो काढले. घरी आल्यावर रोलमध्ये चार-दोन फोटो काढायचे उरले होते, म्हणून तो तसाच राहिला. उरलेली फिल्म वाया घालवणं तिच्या जिवावर येई. मग आषाढात देवाजींच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत ते गेले.

घरात त्यांचा एकच फोटो निघाला, लायसनवरचा. स्टुडिओवाल्या मुखरूने तो पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली कार्यक्रमासाठी मोठा करून दिला. त्यात देवाजी असे बघत होते की जणू पोलिसाने गाडी अडवलीय. “हा माहा मानूस नाई,” कमलाबाईंनी सांगून टाकलं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत, “चांगला फोटो रिनाच्या कॅमेऱ्यात हाय. नागपूरहून धुऊन येते.”

आता हे त्यांना सांगायचं कोणत्या तोंडाने? नवरा गेलेल्या बाईला, तुम्हीच त्याला पुसून टाकलंत, असं म्हणायचं? रिनाने गुपचूप रोल नागपूरला पाठवला.

फोटो आले तेव्हा पाकीट पातळ होतं. रोलच्या अगदी आतल्या वेढ्यातला, सुरुवातीचा एकच वाचला होता. तोही एका बाजूने लालसर जळलेला. खिडकीशी देवाजी, तोंड उघडं, एक बोट हवेत.

“बाकीचे कुठी?” कमलाबाईंनी विचारलं.

“कॅमेराच खराब होता आई,” रिना म्हणाली.

मग तिचा नवरा संघपाल सुरू झाला. “मी तं तवाच म्हटलं होतं, भंगार नको आणू! मोबाइल असून हा शौक कायले? बाबाचे सारे फोटो घालवले.”

रिनाला राग आला होता, पण तो गिळून टाकणंच तिला सोपं वाटलं.

“तिले काऊन बोलून राह्यला?” कमलाबाई कडाडल्या. “झाकण म्या उघडलं होतं. उन्हात म्या ठेवलं. मुखरूनं सांगतलं मले, उजेड लागला का रोल खतम.”

रिना चपापली. “तुमाले कधी समजलं?”

“दुसऱ्याच दिवशी. तुहं तोंड पाह्यलं होतं ना, म्हणून विचारून आली. रोज वाटे, आज बोलशीन, उद्या बोलशीन. तू बोललीच नाई.” त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. “आता सांग. त्या बाकीच्याइत काय काय होतं?”

रिना आठवून आठवून सांगू लागली. आलापल्लीला बशीत ओतून चहा पिणारे बाबा. कंडक्टरच्या सीटवर डुलकी घेणारे बाबा. सिरोंच्याला कोळ्याशी मासळीचा भाव करणारे, तोही तेलुगूत.

“त्याले तेलगू येत होती?” कमलाबाईंनी डोळे मोठे केले. “मले नाई बोलला कधी!”

“मंग गोदावरीवर गेलो. पँट गुडघ्यापर्यंत वर केली आन् पाण्यात उभे राह्यले. लय वेळ.”

“काई म्हणाला?”

“म्हणाले, कमलीले एकदा आणाले पाह्यजे होतं.”

कमलाबाईंनी फोटोतल्या त्या हवेतल्या बोटावरून अंगठा फिरवला.

“घरच्या मानसाइले यष्टीचा पास भेटे, वं,” त्या म्हणाल्या. “दरसाली फुकट भेटे. आन् दरसाली म्हणे, पुढच्या साली जाऊ.”

मयताच्या दिवशी चार लोकांत ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या कमलाबाई पदरात तोंड घालून हुंदके देऊन रडल्या.