समुद्रावर टांगलेली झोळी

आसराबाईंचा गोरख क्रूझवर कामाला लागला, तेव्हा त्याची नोकरी गावात कुणालाच धड सांगता येईना. आसराबाई आपल्या परीनं सांगायच्या, "हॉटेल हाय, पण पाण्यावर चालतं."

"मंग गिऱ्हाईक तिथं जातं कसं?"

"गिऱ्हाईक त्याच्यातच राहतं. तुझ्यावानी चहा पिऊन उठत न्हाई."

हा टोमणा बहुधा माझ्या दुकानात बसलेल्या कुणाला तरी असायचा. माझं दुकान वडीगोद्रीला, हायवेला लागून. बल्ब, वायर, पंखे, आणि सणासुदीला लाइटच्या झालरी. फोनला रेंज चांगली म्हणून अर्ध्या गावाचे परदेशी फोन माझ्याच बाकड्यावर होतात. त्यामुळं कुणाचा जावई किती खरं बोलतो आणि कुणाचा मुलगा किती खोटं, याचा जमाखर्च माझ्याकडं आपोआप जमतो. विकत मात्र कुणी काही घेत नाही.

आसराबाई सुनेला घेऊन दिवेलागणीला यायच्या. तिकडं तेव्हा सकाळ असायची. सून रेणुका मंठ्याकडची. माहेरी आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच ठरलं होतं. दिवस भरत आले होते. ती बाकड्याच्या टोकाला टेकून बसायची, आणि नवरा बोलत असला की फोनकडं न बघता समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरकडं बघत ऐकायची. एक शब्द सुटू द्यायची नाही.

डिसेंबर लागला तसा गोरख फोनवर नाताळ दाखवायला लागला. बोटीच्या पोटात तीन मजले उंच झाड, त्याला माझ्या दुकानातल्या सगळ्या झालरी पुरल्या नसत्या एवढे दिवे. कापसाचा बर्फ. बिस्किटांचं बांधलेलं गाव, त्याला साखरेची कौलं. लाल टोपी घालून गाणी म्हणणारे साहेब लोक. काचेच्या लिफ्टमधून दाढीवाला सांताक्लॉज उतरायचा आणि प्रवाशांची पोरं ओरडायची.

"एवढा खर्चा कोण करतं रे?" आसराबाई.

"प्रवासीच करतात, माय. त्यायला फक्त कळू देत न्हाईत."

मला हे उत्तर आवडलं. पोरगं धंद्यात मुरलं होतं.

मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "आता माझं काम दाखवतो." फोन फिरवला. झाडाच्या खाली लाकडी गोठा केलेला, त्यात मातीची गाय, गाढव, मेंढरं, निळ्या पदराची बाई. येशूबाळाची गव्हाण आणताना मोडली होती. मुकादमानं विचारलं, दुसरं काय करता येईल? गोरखनं दोन दोऱ्या काढल्या, वरच्या वाशाला बांधल्या आणि आपल्याकडं शेतात बाभळीला बांधतात तशी झोळी बांधून दिली. लोकांना फार आवडली. जो तो तिच्यापाशी फोटो काढत होता.

"आन बाळ कुठाय?" आसराबाईंनी विचारलं.

"ते साहेबाच्या कपाटात. नाताळच्या आदल्या रात्रीच ठेवायचं, तवर जागा रिकामी. तशी रीतच हाय त्यांची."

बोट चालू होती. झोळी हलत होती. एका बाजूला जायची, थोडी थांबायची, मग परत.

आसराबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "ते काठ माझ्या लुगड्याचे हायेत."

गोरख हसला. नोकरीला निघताना आईनं थंडीला म्हणून दिलेलं हिरवं लुगडं, लाल काठाचं. ह्याच लुगड्याच्या झोळीत तो स्वतः वाढला होता. बाप मेंढरांमागं आणि तो झाडाला.

"रिकामी झोळी हलवून राह्यला का तू? घरात बायको अशी बसलेली असताना?"

"मी कुठं हलवून राह्यलो, माय? समुद्र हलवून राह्यला."

रिकामा पाळणा हलवू नये हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आसराबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि रेणुकाच्या डोक्यावरचा पदर उगाच पुढं ओढला. ओरडणारी बाई गप्प झाली की मी सावध होतो.

मला तेव्हा दुसरंच काहीतरी दिसत होतं. दुकानात टांगलेल्या झालरी हलत होत्या. एका बाजूला जायच्या, थोड्या थांबायच्या, मग परत. पंखा बंद होता. हायवेवरून ट्रक गेला असेल असं मी स्वतःला सांगितलं आणि फोन कट केला. झालरी थांबल्या.

दुसऱ्या दिवशी रेणुकाला घेऊन आसराबाई अंबडला डॉक्टरकडं गेल्या. बाळ हालायचं थांबलं होतं. मशीन लावलं, ठोके बराबर होते. डॉक्टर म्हणाले, झोपलंय. येताना रिक्षातून दुकानापाशी उतरल्या.

"झोपलं न्हाई," रेणुका खालच्या आवाजात म्हणाली. "पाय मारत न्हाई, पण हालतं. सगळंच्या सगळं हालतं, आत्याबाई. इकडून तिकडं. कुणी हलवल्यावानी."

आसराबाई बाकड्यावर बसल्या. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"माझं नाव आसरा काऊन ठेवलं, ठाव हाय का भागवत?"

माहीत होतं. त्यांच्या आईला मूल होत नव्हतं. विहिरीवरच्या सात आसरांना नवस बोलल्यावर ही झाली. मी ते नवसाचं म्हणून धरून चाललो होतो. घरोघरी असतं.

"माय म्हणायची, पाण्यातल्या बायांना लेकरं नसतात. म्हणून त्या देतातबी आन नेतातबी. पाण्याच्या वर झोळी टांगली, तीबी रिकामी, तर त्यायला वाटणारच की आपल्यासाठी टांगली."

"आसराबाई, त्या इथल्या विहिरीतल्या. तो अमेरिकेकडं हाय."

"पाणी काय तालुक्यानं येगळं असतं का?"

मी फोन लावला.

गोरख गोठ्यापाशीच उभा होता. आज तो बिस्किटांचं गाव दाखवत नव्हता. झोळी मध्ये खाली आली होती. आत वजन असल्यावर येते तशी.

"काय ठेवलंस आत?"

"काहीच न्हाई, माय. एक म्हातारी प्रवासीण इचारून गेली, बाळ आताच ठेवलं का म्हून. मी हात घालून पाह्यला." त्यानं हात कॅमेऱ्यासमोर धरला. मनगटापर्यंत ओला होता. "पाइप फुटला असंल म्हून वर पाह्यलं. वर पाइपच न्हाई."

"सोड ती झोळी."

"कसं सोडू? मुकादम नोकरीवरून काढंल. नाताळपर्यंत कशाला हात लावायचा न्हाई म्हून सांगितलंय."

इथं आसराबाईंनी जे केलं ते एखाद्या मुरलेल्या व्यापाऱ्यानं करावं तसं केलं. जागा रिकामी असेल तर भरायची. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा ठेवतात. टोपडं घालून, पाळण्याच्या वरून-खालून फिरवून. पाळणा पहिल्यांदा दगडाला मिळतो. जे काही यायचं ते दगडावर येतं, मग दगड काढून बाळ ठेवायचं.

"बोटीवर वरवंटा हाय का?"

होता. कामगारांच्या जेवणघरात एक गोव्याचा स्वयंपाकी दगडी खलबत्त्यात मसाला कुटायचा. गोरख त्याचा बत्ता घेऊन आला, काळा, हाताच्या पंज्याएवढा. बरोबर झाडझूड करणारी फिलिपिन्सची मारिसेल होती. बत्त्याला तिनं आपला पांढरा हातरुमाल गुंडाळला, आणि गोरख झोळीच्या वरून देईल तो खालून घेऊ लागली.

"तू म्हण," आसराबाई सुनेला म्हणाल्या.

रेणुकानं नवऱ्यासमोर कधी आवाज काढला नव्हता. माझ्या दुकानात, हायवेच्या कडेला, गिऱ्हाइकं बघत असताना ती म्हणाली, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." तिकडं ते शब्द फोनमधून त्या दिव्यांच्या झाडाखाली ऐकू गेले. बत्ता झोळीत ठेवला.

झोळी थांबली. मागं झाडाला लावलेले काचेचे गोळे डोलत होते, बोट चालूच होती. झोळी मात्र जमिनीत रोवल्यासारखी सरळ. रेणुकानं एकदम पोटाला हात लावला. तिथून लाथ आली होती. आसराबाईंनी बाजूला ठेवलेलं पाणी उचललं आणि पिऊन टाकलं.

नाताळच्या आदल्या रात्री तिकडं गाणी झाली, मेणबत्त्या लागल्या, आणि एका प्रवाशाच्या नातवानं बाळाची मूर्ती झोळीत ठेवली. खाली बत्ता आहे हे मुकादमाला कळलं नाही. एवढ्या लोकांसमोर तो काढायचा कसा, म्हणून गोरखनं तसाच राहू दिला. नाताळच्या दुपारी अंबडला रेणुकाला मुलगी झाली. पेढे माझ्या दुकानातूनच वाटले. बल्ब अर्थात कुणी घेतला नाही.

बाराव्या दिवशी बारसं. तिथं पुरुषाचं काय काम, पण घरात रेंज नुसती दारापाशी, आणि बापाला बारसं दिसावं म्हणून फोन धरायला मला बोलावलं होतं. तिकडं सजावट उतरवत होते. झाडाच्या फांद्या काढून खोक्यांत भरलेल्या, बर्फ पोत्यात. गोठा तेवढा राहिला होता. बोट बंदराबाहेर उभी होती. गोरख म्हणाला, "तुमचं होऊ द्या, मंग मी हे सोडतो."

इकडं बायकांनी घरचा वरवंटा वरून-खालून फिरवला, पाळण्यात ठेवला, काढला, आणि आसराबाईंनी नातीला पाळण्यात घातलं. तिकडं गोरखनं झोळीतली मूर्ती उचलली.

"माय, बत्ता न्हाई."

"नीट पाह्य."

"न्हाईच ना."

इकडं पाळणा हलायला लागला. दोरी कुणाच्याच हातात नव्हती. रेणुका पाटावर होती, आसराबाईंच्या हातात कुंकवाची कोयरी. एका बाजूला गेला, थोडा थांबला, परत आला. फोनमध्ये झोळीही तशीच हलत होती, मूर्ती काढली तरी मध्ये खाली आलेली. पोर रडत नव्हती. डोळे उघडे ठेवून वर बघत होती. रेणुकानं तिला उचलायला अंगाखाली हात घातला आणि हात बाहेर आला तो बत्ता घेऊन. काळा, पंज्याएवढा, त्याला गुंडाळलेला पांढरा हातरुमाल. ओला. आसराबाईंनी बोट लावून जिभेला लावलं.

"खारट हाय."

बायका दाराकडं सरकल्या. रेणुकानं पोरीला छातीशी धरलं होतं, पण पोर हातातसुद्धा तशीच डोलत होती, इकडून तिकडं.

"त्यांनी दगड परत केला," आसराबाई म्हणाल्या. "दगडावर भागवून घेत न्हाईत त्या. गोरख्या, ते लुगडं सोड आन पाण्यात दे. हळदकुंकू न्हाई तुझ्याकडं, तोंडानं म्हण. झोळी तुमची, लेकरू आमचं."

"बोटीवरून समुद्रात टाचणी टाकली तरी घरी पाठवतात, माय. दुसऱ्या कंपनीतबी कुणी घेत न्हाई."

"ठाव हाय."

"घराचा स्लॅब राह्यलाय अजून."

"न्हाई पडला तर न्हाई पडला. पोरीकडं पाह्य."

मी फोन रेणुकाकडं केला. गोरखनं पोरीला पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. तिचे ओठ निळसर व्हायला लागले होते.

पुढचं मी फोनमध्ये पाहिलं. दोऱ्या सुटल्या, मागून कुणीतरी इंग्रजीत हाका मारत होतं, गोरख धावत होता, मग मोकळं आभाळ आणि कठडा. फोन त्यानं कडेला उभा टेकवला. तो आईचे शब्द म्हणाला. त्याच्या हातातलं लुगडं एवढं जड दिसत होतं की दोन्ही हात लावून त्यानं ते कठड्यावर चढवलं. सोडून दिलं.

इकडं पाळणा थांबला. पोरीनं श्वास ओढला आणि जी रडायला लागली ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली. दारातल्या बायका हसायला आणि रडायला एकदमच लागल्या.

गोरखला पुढच्याच बंदरावरून परत पाठवलं. गावानं कारणं आपापल्या सोयीनं लावली: दारू, मारामारी, आणि एका हुशार माणसानं तर गोरी बाई. आता तो माझ्याकडं लग्नांची लाइटिंग करतो. हात चांगला आहे. घराला अजून पत्रेच आहेत. त्याच्या घरात झोळी बांधत नाहीत. पाळणा मोडून टाकला. मुलगी घोंगडीवर झोपते. बत्ता आसराबाईंनी तुळशीपाशी ठेवलाय. उन्हाळ्यातही त्याच्याखालची माती ओली असते.

एक गोष्ट मी गोरखला सांगितलेली नाही. त्या दिवशी त्याला लोकांनी धरलं तेव्हा त्याचा फोन कठड्यापाशी पडला आणि चालूच राहिला. कठड्याच्या गजांमधून त्यात खालचं पाणी दिसत होतं. लुगडं बुडालं नव्हतं. चारी टोकं वर उचलल्यासारखी होती, मध्ये वजन होतं, आणि ते हलत होतं, सावकाश, कुणीतरी दोन्ही बाजूंनी धरून झोका द्यावा तसं. काठातून काहीतरी लहान, पांढरं वर येत होतं. मी डोळे बारीक केले.

आसराबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पालथा ठेवला.

"पाहू नको," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या लेकराला टक लावून पाहू नये."