सातवं पाणी

त्वानबाई बोलत नाहीत, हे मंगहाय या चहाच्या गावातल्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षातून एकदा खुनमिंग शहरातून चहा खरेदीला यायच्या, आधी तो प्यायला बसायच्या आणि एकाच चहावर पुन्हा पुन्हा ओतलेलं सातवं पाणी पिऊन होईपर्यंत अवाक्षर काढायच्या नाहीत. फार तर ‘पाणी’ एवढंच म्हणायच्या. ओतणारानं मध्येच उठायचं नाही, हाही त्यांचाच नियम. त्यांच्यासमोर बसलेल्या भल्याभल्यांना घाम फुटलेला चहा बनवणाऱ्या यूबोनं पाहिला होता. ती स्वतः मात्र अकरा वर्षं त्यांच्यासमोर निवांत बसत आली होती, कारण आतापर्यंत माल तिच्या हातचा असायचा.

यंदाचा माल जावयाच्या हातचा होता.

आशो डोंगरावरच्या, साधा भात खाणाऱ्या आयनी लोकांच्या वस्तीतला. लग्न झाल्यावर जावयानं तीन वर्षं सासरी राहायचं आणि मग जोडप्यानं कुठे घर करायचं ते ठरवायचं, ही इथली रीत. आशोची तीन वर्षं येत्या पौर्णिमेला भरत होती. यूबोला एकच मुलगी, यूइंग. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी डोंगरावर निघून गेली तर या एवढ्या घरात भिंतींशी बोलायचं, या विचारानं यूबोला रात्र रात्र झोप लागत नव्हती. मुलीनं राहावं, म्हणजे जावयानंही राहावं. पण तो जावई तिच्या मनात काही केल्या बसत नव्हता. का, असं विचारलं असतं तर तिला धड सांगताही आलं नसतं. कमी बोलतो, म्हणाली असती. त्वानबाई बोलत नाहीत त्याचं केवढं कौतुक, आणि जावई बोलत नाही तर तो आतल्या गाठीचा!

“एकदा त्याच्या हातानं होऊ दे ना, आई,” असं म्हणून यूइंगनं महिनाभर डोकं खाल्लं, तेव्हा कुठे यूबोनं पाच पोती चहा त्याच्या हवाली केला. चहा उत्तम होता. ओल्या ढिगात पंचेचाळीस दिवस मुरवलेला, स्वतः यूबोनं उलथापालथ केलेला. त्याला वाफ द्यायची, मऊ झाला की चिमूटभर चहा फडक्यात पिळून सुपारीएवढ्या गोट्या वळायच्या आणि परसातल्या झुडपाच्या सुक्या पानांत मुरायला ठेवायच्या. हे पान म्हणजेच सगळी जादू. ओलं असताना त्याला वास बेताचाच, सुकलं की चिकट तांदळाच्या गरम भाताचा वास सुटतो. तो चहात उतरला की माणूस पेला खाली ठेवत नाही.

आता याला सोपा रस्ताही आहे. शहरात वासाची बाटली मिळते, चार फवारे मारले की काम झालं. पण फवाऱ्याचा वास पहिल्या पाण्याला अंगावर येतो, दुसऱ्याला उसनं अवसान आणतो आणि तिसऱ्याला गायब होतो. पानाचा वास सातव्या पाण्यालाही असतो. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या एका कारखानदाराचं बिंग त्वानबाईंसमोर तिसऱ्या पाण्याला फुटलं. बाई उठल्या, छत्री घेतली आणि गेल्या. त्या माणसाकडे पुन्हा कोणी बाहेरचा व्यापारी फिरकला नाही.

आशोनं चार दिवस शेडचं दार आतून लावून घेतलं होतं. सोमवारी कोणाला न सांगता जिंगहोंग शहरी जाऊन आला, ते काहीतरी पोत्यात गुंडाळून घेऊन. यूबोनं विचारलं तर म्हणाला, “दाखवतो नंतर.” बाटल्यांची सगळी दुकानं जिंगहोंगलाच आहेत, हे यूबोच्या डोक्यातून जाईना.

तर आता सकाळचे दहा वाजले होते. यूबोच्या घरी टेबलाशी बसून त्वानबाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातून एक, मधून एक आणि वरून एक अशा तीन गोट्या काढल्या, हुंगल्या आणि मधली यूबोपुढे ठेवली. यूइंगनं उकळत्या पाण्याची किटली आणली. आशो दाराच्या चौकटीत उभा राहिला. यूबोनं झाकणाच्या पेल्यात गोटी टाकली, तिच्यावर पाणी ओतून लगेच फेकून दिलं. चहाची धूळ जावी म्हणून हे धुण्याचं पाणी, ते मोजायचं नसतं. मग पहिलं पाणी.

तिनं झाकण उचललं आणि वासाचा भपका आला. असा तसा नाही. शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला असता तरी कळला असता. पानाचा वास पहिल्या पाण्याला कधीच इतका येत नाही. तो हळूहळू उघडतो, तिसऱ्या-चौथ्याला रंगात येतो. अकरा वर्षांत तिनं असा वास आपल्या चहाला पाहिला नव्हता. फवारा मारलेल्या चहाला मात्र पाहिला होता.

तिनं जावयाकडे पाहिलं. तो पेल्याकडे बघत होता.

त्वानबाई प्यायल्या. चेहऱ्यावर काही नाही. “पाणी.”

दुसऱ्या पाण्यालाही तोच भपका. ओतताना चार थेंब टेबलावर सांडले. यूइंगनं ते गुपचूप पुसले. आता तिसरं. तिसऱ्याला वास जाणार, बाई छत्री उचलणार आणि अकरा वर्षांचं नाव मातीत जाणार. यूबोला वाटलं, बाईंना कळण्याआधी आपणच बोललो तर? निदान एवढं तरी म्हणतील, की बाई सच्ची आहे, जावई खोटा निघाला. खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट तिच्या मनात होती, आणि ती तिची तिला कळतही होती: आपलं पहिल्यापासूनचं मत खरं ठरलं, याचा तिला थोडा आनंद झाला होता.

तिनं किटली खाली ठेवली.

“बाई, इथेच थांबू. हा माल माझा नाही. जावयाच्या हातचा आहे. यात बाटली मारलीय. गेल्या वर्षीचा माझा माल आहे आत, तो दाखवते.”

यूइंगच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्वानबाईंनी भुवईसुद्धा हलवली नाही.

“आई, मी काही मारलेलं नाही,” आशो म्हणाला.

“मग सोमवारी कशाला गेला होतास जिंगहोंगला?”

“पातेलं आणायला.”

“पातेलं! आमच्या घरात पातेली नाहीत, होय रे? चार दिवस दार लावून काय पातेलं बघत बसला होतास?”

“सांगणार होतो. आधी जमतंय का ते—”

“काय जमणार तुला? साधा भात खाऊन वाढलेली माणसं तुम्ही. चिकट तांदळाचा वास म्हणजे काय हे तुला सात जन्म कळायचं नाही. बाटलीतला आणि खरा, तुला दोन्ही सारखेच!”

आशोचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यानं पायातल्या चपला नीट केल्या, जणू तेवढंच काम उरलं होतं, आणि तो बाहेर गेला.

यूइंग आईच्या कानाशी वाकली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “सातव्यापर्यंत थांबतात ना गं? परक्या बाईला कळतं ते. तुला नाही कळलं?” आणि तीही गेली.

“पाणी,” त्वानबाई म्हणाल्या.

यूबोनं तिसरं पाणी ओतलं. वास गेल्याचं बाईंनाही कळू दे, म्हणजे मी खोटं बोलले नाही हे दिसेल, असं मनाशी म्हणत तिनं झाकण उचललं.

वास होता.

तिनं झाकण नाकाशी धरलं. नाक तिला कधी दगा देत नसे. पहिल्या दोन पाण्यांचा धसमुसळेपणा ओसरला होता आणि खालून शांत, गोडसर, भाताच्या टोपलीवरून फडकं काढावं तसा वास येत होता. बाटलीचा वास असा कधी येत नाही.

चौथ्या पाण्याला तो आणखी खोल गेला. यूबोनं स्वतःच्या पेल्यातला घोट घेतला. घशात गोडवा रेंगाळत होता. तिच्या स्वतःच्या मालालाही इतका कधी रेंगाळला नव्हता.

वरच्या मजल्यावर कपाटाचं दार वाजलं. फळ्यांच्या जमिनीवरून दोघांची पावलं इकडून तिकडे गेली. सामान भरणं चाललं होतं, ते ऐकूनच कळत होतं. मग पावलं जिन्यावरून उतरली.

“पाणी.”

पाचवं. वास होता. बाहेर फटफटीला किक मारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. चालू झाली नाही. यूबोला घाम फुटला. उठले तर बाई जातील, वर्षाचा माल जाईल आणि अर्धवट सोडून पळाली म्हणून नाव जाईल ते वेगळंच. बसून राहिले तर पोरगी जाईल. आणि पोरगी तरी कोणाच्या चुकीनं? सहावं ओतताना तिचे डोळे भरून आले. वास होता, तसाच होता. तिसऱ्यांदा किक बसली आणि फटफटी धडधडू लागली.

यूबोनं सातवं पाणी पेल्यात ओतलं, झाकण ठेवलं आणि उठली.

“ओतणारानं उठायचं नसतं,” त्वानबाई म्हणाल्या. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच मध्ये एवढं लांब वाक्य बोलल्या होत्या.

“ठाऊक आहे, बाई,” यूबो म्हणाली आणि अनवाणीच अंगणात धावली.

यूइंग मागे बसलेली. मांडीवर दोन पिशव्या. आशोनं फटफटी वळवली होती. यूबोनं पुढे होऊन हँडल धरलं. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि तिला धापही लागली होती.

“माझं चुकलं,” ती म्हणाली.

आशोनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं विचारलं, “वास राहिला का?”

“सहाव्यापर्यंत तरी राहिला.”

“आणि सातवं?”

“सातवं पेल्यात आहे.”

“पेल्यात म्हणजे? पत्ती पाण्यातच आहे?” त्यानं फटफटी बंद केली. “तसंच टाकून आलात? तुरट होईल सगळं!” आणि तो उतरून आत धावला.

यूबो मागोमाग आली तेव्हा तो तिच्या जागी बसून चहा गाळत होता. उशीर झालेला नव्हता. सातव्याला थोडं जास्त मुरू द्यावंच लागतं. त्यानं पेला दोन्ही हातांनी त्वानबाईंपुढे धरला. बाईंनी तो संपवला, पालथा घातला आणि मग तोंड उघडलं.

“पहिल्या पाण्याला एवढा भपका कसा?”

हाच प्रश्न यूबोनं विचारायला हवा होता. शांतपणे, किटली खाली ठेवण्याच्या आधी.

“वाफेच्या पाण्यातच पान टाकलं, बाई,” आशो म्हणाला. “वाफेनं चहा मऊ होतो तेव्हा तो हावरा असतो. त्याच वेळी वास आत जातो. नंतर सुक्या पानात ठेवला तो निराळा. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून घट्ट झाकणाचं मोठं पातेलं आणलं जिंगहोंगहून. दारही त्यासाठीच लावलेलं.”

“कोणी शिकवलं?”

तो खाली बघत म्हणाला, “सणाला आई भात उकडतात ना, तेव्हा टोपलीखालच्या पाण्यात दोन पानं टाकतात. तीन वर्षं बघतोय.”

दोन पानं यूबो खरंच टाकायची, तिच्या आईनं टाकली म्हणून. त्याकडे कोणाचं लक्ष असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

“पाचही पोती घेते,” त्वानबाई म्हणाल्या. “वेष्टणाच्या कागदावर बनवणाऱ्याचं नाव छापतो आम्ही. काय छापू?”

“आशो,” यूबो पटकन म्हणाली. “त्याचंच नाव. आयनी वस्तीचा आशो.”

“नको, आईंचंच राहू दे,” तो म्हणाला. उठला, टेबल पुसलं, किटली जाग्यावर ठेवली. दाराशी थांबून सासूकडे वळला. “मी चहासाठी आत आलो होतो, आई.”

मग फटफटी गेली. वळणावरून डोंगराकडे चढल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्वानबाईंनी छत्री घेतली आणि जाताना, कधी नव्हे ते, यूबोच्या खांद्यावर हात ठेवला.

यूबो स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात रात्रीच भिजत घातलेला चिकट तांदूळ टम्म फुगला होता, तिघांचा. तिनं टोपली चुलीवर ठेवली आणि परत खाली काढली. तीन वर्षं तो पोरगा रोज हाच भात चिमटीनं गोळे करून खात होता. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही की दुसरं काही मागितलं नाही. तिनं तांदळाचे तिन्ही डबे उघडून पाहिले. साधा तांदूळ एकातही नव्हता. तीन वर्षांत एकदाही आणलेला नव्हता.

ती तशीच शेजारणीच्या दारात गेली.

“साधे तांदूळ आहेत का गं? दोघातिघांपुरते दे.”

“साधे?” शेजारीण हसली. “तुमच्यात कोण खातं साधा भात?”

“माझा जावई,” यूबो म्हणाली. “लवकर दे. डोंगर चढायचाय मला.”