कापलेल्या जागा

"अहो टेलरबाई, तुमची धाकटी मोबाइलवर गातेय, ऐकलंत का?" सकाळपासून हे विचारणारं हे चौथं गिऱ्हाईक. मी मशीन थांबवलं नाही, पण काज वाकडं गेलं.

धाकटी बहीण लग्न होऊन सरहद्दीपलीकडे गेली. गाणं आमच्या आईचं. नदीच्या दोन काठांवर धुणं धुताना म्हणायचं, अलीकडून विचारायचं आणि पलीकडून उत्तर द्यायचं. आईनं प्रश्न मला शिकवले, उत्तरं तिला. गळा गोड ना तिचा! मी विचारत राहायचं आणि हिनं भाव खायचा. आता तर फोटो एकटीचा, वर लिहिलंय 'शेवटची जाणकार'. शेवटची म्हणे! मी काय मेले?

तडक ते मोबाइलवर टाकणाऱ्या, गाणी गोळा करणाऱ्या बाईंचं ऑफिस गाठलं. एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले.

"माझं नाव घाला, नाहीतर गाणं काढून टाका," मी म्हणाले. "अर्धं गाणं माझं आहे."

बाई गोंधळल्या. "त्या एकट्याच गायल्या. मध्ये मध्ये विसरायच्या, गप्प बसायच्या. त्या जागा आम्ही कापल्या."

"विसरेल कशाला? न कापलेलं लावा."

त्यांनी हेडफोन दिला. सुरुवातीला नुसती शांतता. मग धाकटीचा आवाज, अजून तस्साच गोड, मेलीचा. माझ्या पोटात दुखलंच. मग पुन्हा शांतता.

मी मनातल्या मनात प्रश्न म्हणू लागले. माझा प्रश्न संपला, की तिचं उत्तर सुरू. दर वेळी. शेवटचा सूर मी फार ताणते. त्यावरून लहानपणी किती करवादायची! "ताई, आटप ना, साबण विरघळला." आता तेवढीच थांबली होती, एक श्वाससुद्धा कमी नाही.

"बोलली नाही का ती काही?" मी विचारलं.

"म्हणत होत्या, ताईचं होऊ दे. मला वाटलं, वय झालंय."

"माइक लावा," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

पहिला प्रश्न अगदी साधा आहे: पल्याड कोण गं उभी? पण मी नुसती माइककडे बघत बसले. हेडफोनमधली शांतता संपली, आणि न विचारताच धाकटीनं उत्तर दिलं:

तुझीच गं बाई, दुसरी कोण.