बिनकोटाचा फोटो

माझ्या सासऱ्यांना कोट मिळाला तो मेल्यावर. रामकिसन नावाच्या त्या माणसाने आयुष्यभर मोंढ्यात पोती उचलली, पायजमा-सदऱ्याशिवाय अंगाला दुसरं काही लावलं नाही. पण पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो पाहिजे, आणि घरात होता फक्त आधार कार्डावरचा. तो स्टुडिओवाल्याकडे दिला आणि त्याने तो चेहरा एका तयार कोट-टायवर बसवून, फ्रेम करून दिला. आपल्याकडे सगळे स्टुडिओ असंच करतात. मान एकाची, खांदे दुसऱ्याचे, आणि मागे निळा पडदा.

माझ्या सासूबाईंचं नाव कौसल्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. भिंतीवर फोटो लागला तेव्हा त्या बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"ह्यो कोण साहेब आणून टांगला?" त्या म्हणाल्या. "बाबासाहेबांला कोट शोभतो. त्यांनी शिकून मिळवला. ह्यांला कोणी शिवला?"

सगळे हसले. आत्या हसल्या नाहीत. माझ्या नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "भूषण, माझा फोटो मी जिती असताना काढ. माझ्या पांढऱ्या साडीत. अन् माझं तोंड माझंच राहू दे, बिलकुल काही चिटकवायचं न्हाई."

आमचे हे, म्हणजे बुद्धभूषण, लोखंडाच्या कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. भंगाराचा ट्रक आला की भरलेला मोजायचा, माल उतरला की रिकामा मोजायचा, मग पावती. नोकरीतली ही सवय घरात आली. आमच्याकडे कुकरसुद्धा तीन दुकानांत हातात तोलून घेतलेला आहे. लग्नासाठी मला बघायलाही दोनदा आले होते. ताक फुंकून पिणारे असतात, आमचे हे पाणीही फुंकून पितात. मी चिडवायचे आणि ते हसायचे. तेव्हा त्यात हसण्यासारखं होतं.

मग आत्यांच्या डाव्या गालात आतून चट्टा आला. दातांना तंबाखूची मिश्री लावायची सवय जुनी. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं की गाल काढावा लागेल, जबड्याचं हाडही निघेल. तारीख दिवाळीनंतरची दिली. परत येताना बसमध्ये आत्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. बदनापूर गेल्यावर म्हणाल्या, "मंग फोटो त्याच्या आधी."

तुम्ही म्हणाल, मोबाइल नव्हता का? होता. पण माझा फोन आपल्याच मनाने माणसाला गोरं करायचा. सगळं बंद करूनही चेहरा सारवल्यासारखा गुळगुळीत यायचा. आत्यांच्या डाव्या गालावर गोंदणाचा हिरवा ठिपका होता, त्यांच्या आईने लहानपणी राजूरच्या जत्रेत गोंदवून घेतलेला. उजव्या गालावर तीळ. फोनमध्ये तीळ फिका व्हायचा आणि गोंदण तर गायबच. आत्यांनी एकदा बघितलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. "ही माझी धाकटी बहीण व्हय?"

म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरलं, चांगला, लेन्सवाला. पुढेमागे लग्नाच्या ऑर्डरीही घेता येतील, हा ह्यांचा हिशेब. पहिल्यांदाच घेणाऱ्यांना परवडतील असे दोन होते, एक कॅननचा आणि एक निकॉनचा. आणि तिथे आमचं घोडं अडलं.

रोज रात्री जेवण झालं की व्हिडिओ सुरू. ह्याची बॅटरी जास्त चालते. त्यात फोटो लगेच मोबाइलवर येतो. ह्याची पकड चांगली. त्याच्या लेन्सा जालन्यातही मिळतात. एक माणूस शपथेवर सांगायचा हाच घ्या, दुसरा तितक्याच शपथेवर तो घ्या म्हणायचा.

"सगळे गोऱ्या पोरींचे फोटो काढून राह्यले," हे म्हणाले. "आपल्या मायचा रंग ह्याच्यात कसा येईल, ते कोणीच सांगत न्हाई."

हे बोलणं मला पटलं होतं. खोटं का सांगू? त्या फिरंगी पोरींच्या गालांवरून आत्यांच्या काळ्यासावळ्या, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचा काय अंदाज येणार? पण पटलं तरी दिवस जातच होते. आत्यांचा गाल बाहेरून अजून शाबूत होता, नुसता थोडा फुगलेला. त्या रोज संध्याकाळी विचारायच्या, "आला का रे?" आणि हे म्हणायचे, "पाहून राह्यलो माय."

शेवटी मीच वैतागून म्हटलं, "मग आत्यांनाच दुकानात न्या ना. दोन्हीवर काढून बघा."

आमच्या जालन्यातच, मस्तगडला, राधेश्यामचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. आत्यांनी पांढरी साडी नेसली, केसांना तेल लावलं, नवरा गेल्यावरही न उतरवलेल्या हिरव्या बांगड्यांवर काळं घड्याळ बांधलं. राधेश्यामने त्यांना दारातल्या स्टुलावर उजेडात बसवलं. त्याच्या दुकानाची रीत अशी की गिऱ्हाइकाला दोन्ही कॅमेरे हातात द्यायचे, दुकानाच्या मेमरी कार्डावर फोटो काढून दाखवायचे.

"आजी, जरा हसा," राधेश्याम म्हणाला.

"दात कुठं हायेत हसायला?" आत्या म्हणाल्या आणि स्वतःच खळखळून हसल्या. गाल दुखत असूनही हसल्या. तेवढ्यात त्याने एकदा ह्याच्यावर, एकदा त्याच्यावर बटण दाबलं.

ते दोन्ही फोटो मी पाहिलेत. आजही डोळे मिटले की दिसतात. कॅननमध्ये चेहऱ्यावर थोडी लाली होती, ऊब होती. निकॉनमध्ये सुरकुती न् सुरकुती होती, गोंदणाचा ठिपका हिरवा तो हिरवाच. ह्यांनी दोन्ही मोठे करकरून पाहिले, आधी डोळे, मग गाल, मग पदराचा काठ.

"कॅननमध्ये माय खूश दिसती," हे म्हणाले, "अन् निकॉनमध्ये माय मायसारखी दिसती."

"मग निकॉन घ्या," मी म्हटलं.

"पण खूश दिसती ती बी मायच हाय ना." दोन्ही कॅमेरे दोन हातांत घेऊन हे खाली-वर करत होते, काट्यावर असल्यासारखे. मग खाली ठेवले. "उद्या सांगतो राधेश्यामभाऊ. एक रात्र विचार करू द्या."

मी म्हटलं, "आता ह्यातला एक फोटो तरी काढून द्या की. छापून घेऊ." तर हेच मला वर म्हणाले, "कामून? आपलाच कॅमेरा येऊन राह्यला आता. घरी निवांत काढू, दारापुढं, चांगल्या उजेडात."

राधेश्यामने मान हलवली, कॅमेरा उचलला आणि अंगठ्याने दोन्ही फोटो पुसले. पुढचं गिऱ्हाईक उभं होतं. त्याची ती रोजची सवय, त्याला बोल कशाला लावू?

आत्या स्टुलावरून उठल्या. "माझे फोटो कुठं गेले?"

"ते नुसते दाखवायचे होते आजी. पुसले."

"पुसले?" आत्यांनी पदराने आपला गाल पुसला, का कोण जाणे. "मंग मला बसवलं कामून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दुकानाकडे निघायच्या आत दवाखान्यातून फोन आला. खाट रिकामी झाली आहे, आजच दाखल करा, नाहीतर मग दिवाळीनंतरच. डॉक्टर म्हणाले होते की जितक्या लवकर तितकं बरं. कोण थांबणार? पिशवी भरली आणि निघालो. गाडीत मी फोन काढला तर आत्यांनी तोंड फिरवलं. "त्या फोनमध्ये नको बाई. भूषण काढणार हाय."

ऑपरेशन झालं. जीव वाचला. डावा गाल गेला, जबड्याचं हाड गेलं, मांडीचं कातडं आणून तिथे लावलं. ओठ एका बाजूला ओघळला. नाकातून नळी. बोलणं बंद.

हे दवाखान्यातून तसेच जालन्याला पळाले, राधेश्यामकडे. ते कार्ड कुठे आहे, पुसलेले फोटो परत मिळवता येतात म्हणे. राधेश्याम बिचारा वाईट वाटून म्हणाला, त्याच्यावर नंतर एक अख्खं लग्न शूट झालं, आता काही हाती लागत नाही. त्या दुपारी ह्यांनी कॅमेरा विकत घेतला. कोणता ते सांगत नाही. वरातीमागून घोडं आलं, त्याचा रंग विचारून काय करायचं?

घरी आल्यावर कॅमेरा खोक्यात आणि खोकं कपाटात. हे आईसमोर बसायचे, नळीतून दूध घालायचे, पण चेहऱ्याकडे बघायचे नाहीत. मला राग यायचा. कीवही यायची, पण राग जास्त. आई समोर जिवंत बसली आहे आणि हा माणूस वाटीकडे बघतो आहे.

आत्यांनीच एक दिवस ठरवलं. सकाळी मला खूण करून पांढरी साडी मागितली. मी नेसवली. त्या स्वतः चालत अंगणात आल्या, खुर्ची भिंतीला लावली, बसल्या, आणि कपाटाकडे बोट केलं.

"माय, थोडं बरं वाटू दे," हे म्हणाले. "सूज उतरू दे. मंग काढू."

आत्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. एकदा, परत एकदा.

ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. किती काढले ते त्यांनाही माहीत नसेल. मी एक बघितला. आत्या सरळ लेन्समध्ये बघत होत्या, घाबरल्या नव्हत्या, लाजल्या नव्हत्या. उजव्या गालावर तीळ होता. डावीकडे काही नव्हतं.

आत्यांनी कॅमेरा हातात धरून तो फोटो पाहिला. मग दारातून आत भिंतीकडे, सासऱ्यांच्या फोटोकडे बोट केलं. दोन्ही हात आपल्या छातीवरून खाली ओढले, कोटाच्या कॉलरवरून ओढतात तसे. आणि मान हलवली. नाही.

"न्हाई घालत माय," हे रडत म्हणाले. "कोट घालत न्हाई. काहीच चिटकवत न्हाई."

आत्या उन्हाळा लागायच्या आत गेल्या. रोग दुसरीकडे निघाला होता.

पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. पांढऱ्या कापडावर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, आणि शेजारी फुलांच्या हारात फ्रेम. मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि जागीच उभी राहिले. फ्रेममधल्या बाईला दोन्ही गाल होते. उजवा गाल उलटा करून डावीकडे बसवला होता. दोन्हीकडे एकेक तीळ. गोंदण कुठेच नाही.

शहागडहून आलेली माझी नणंद प्रीती हुंदके देत म्हणाली, "लई चांगला आलाय ना वहिनी? आपली माय जशीच्या तशी."

जशीच्या तशी! पोटच्या पोरीला आईचे दोन तीळ दिसले नाहीत. कार्यक्रम होईपर्यंत मी पाहुण्यांना जेवण वाढलं. मग मोरीजवळ ह्यांना गाठलं.

"शब्द दिला होता ना तुम्ही?"

"त्या फोटोकडं पाह्यलं की मला दुकान दिसतं," हे म्हणाले. "मी दोन्ही हातांत कॅमेरे घेऊन उभा, अन् माय समोर हसून राह्यली. मला न्हाई पाहवत संध्या."

"तो फोटो तुमच्यासाठी नव्हता. त्यांच्यासाठी होता."

मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि आत्यांच्या पांढऱ्या साडीच्या घडीत ठेवलं.

लग्नाची एकही ऑर्डर ह्यांनी घेतली नाही. पावसाळ्यानंतर कॅमेरा विकायची जाहिरात मोबाइलवर टाकली. 'नवाच आहे, एकदाच वापरला.' राजूरहून बद्रीनाथ नावाचा तरणा माणूस मोटारसायकलवर आला. गणपतीच्या देवळाबाहेर नवराबायकोचे, बाळांचे फोटो काढून द्यायचा धंदा करायचा होता त्याला. बैठकीत बसून कॅमेरा उलटासुलटा करत होता.

"भाऊ, एक विचारू?" तो म्हणाला. "हाच बरा का त्या दुसऱ्या कंपनीचा? मी लई दिवसांपासून व्हिडिओ पाहून राह्यलो, काही ठरंना."

मी चहा घेऊन दारात होते. हे जमिनीकडे बघत होते.

"दोन्ही सारखेच हायेत," हे म्हणाले. "काहीच फरक न्हाई. जो घ्यायचा तो जल्दी घ्या."

बद्रीनाथने आपलं कार्ड घातलं आणि चालतो का बघायला कॅमेरा समोरच्या भिंतीवर रोखला. कोटातले सासरे, दोन गालांच्या आत्या. बटण दाबलं. स्क्रीनवर चेहरे मोठे करून पाहिले.

"लई क्लिअर येतेत," तो खूश होऊन म्हणाला, आणि अंगठ्याने फोटो पुसायला लागला.

"थांबा!" हे एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातातला चहा सांडला. बद्रीनाथ दचकला. पण फोटो गेला होता.

"नुसता पाहायला काढल्ता भाऊ," तो बावरून म्हणाला. "भिंतीवर तर हायच की तुमचा."

तो कॅमेरा घेऊन गेला. हे उठून भिंतीजवळ गेले. मग हात वर करून आत्यांची फ्रेम उतरवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कार्ड कुठं ठेवलंस?"

"तुमच्या मायच्या साडीत."

"काढ."

आता आमच्या भिंतीवर सासरे कोटात आहेत आणि शेजारी आत्या आहेत, एका गालाच्या, सरळ बघणाऱ्या. पाहुणे आले की चहा पिताना नजर चुकवतात. प्रीती दिवाळीला आली ती रडून भांडून गेली, असला फोटो कोणी लावतं का म्हणाली. जेवायला बसताना आमचे हे भिंतीकडे पाठ करून बसतात. पण फोटो उतरव म्हणत नाहीत.