सोनाबाईची फुंकणी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी फुंकणी आहे. माझ्या चुलीशेजारच्या जागेवर आता एक पितळी स्टोव्ह मिरवतो. त्याला बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, हे आधीच सांगून टाकते.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी शेवा गावच्या लोहाराने मला घडवलं. सोनाबाई तेव्हा मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायची. घरी येऊन तिने एक फुंकर घातली की ओली लाकडंसुद्धा पेट घ्यायची. शेजारणी म्हणत, "सोनाबायची फुकनी लय गुनाची हाय." मला वाटायचं, ही सगळी माझीच करामत.

पुढे तिची पाठ वाकली आणि फुंकर तोकडी पडू लागली. निखारा जरा लाल व्हायचा की परत काळा. "हिच्यातच कायतरी अडकलंय," म्हणत तिने मला तारेने खरवडलं. मी तर आरपार मोकळी होते, पण सांगणार कशी?

"आये, ऊठ, मी फुकतंय," सून कमळ म्हणाली.

"चूल सोडली त मी कोनाच्या कामाची?" सोनाबाई हटून बसली. शेवटी एकदा फुंकताना तिचा दम असा कोंडला की तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, "वयाने बरगड्या ताठर होतात. पाठ वाकली की छातीला फुलायला जागा राहत नाही. त्यात इतक्या वर्षांचा धूर. आता चुलीपुढे बसायचं नाही."

मग मुलगा काळूराम मुंबईहून लाँचने स्टोव्ह घेऊन आला. हाताने पंप मारला की हा भर्र करतो. स्वतःचा श्वास नाही आणि मिजास केवढी. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मी कोपऱ्यात जळत राहिले.

सोनाबाई दारात नुसती बसून असायची. विहिरीपर्यंत गेली तरी धापा टाकायची. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. तिला ते काही केल्या जमेना.

एका सकाळी ती म्हणाली, "कमळ, मना ती फुकनी दे."

"डाक्टरनी नको सांगलंय ना?"

"चुलीपुढं नको सांगलंय."

दाराच्या चौकटीला पाठ टेकून ती ताठ बसली. मला ओठांशी धरताच चंबू आपोआप झाला आणि तिने श्वास हळूहळू सोडला. माझ्या दुसऱ्या टोकाला निखारा नव्हता, नुसतं अंगण होतं. तिचे खांदे सैल झाले. आता रोज सकाळी आमचं हे चालतं, आणि विहिरीच्या वाटेवर ती एकदाच टेकते.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या बाईला दम लागला तर तिला धुरातून उठवा, पण कोपऱ्यात टाकू नका. स्टोव्हवरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो भर्र करू लागला की मी मनात एवढंच विचारते, सोनाबाईने तुला कधी ओठ लावलेत का?