जाणारंही मोजतात

“मास्तर, ही हालत का न्हाई वं?” बनुबाईंनी पडद्याकडे बोट केलं.

पडद्यावर अपूर्वाचं तोंड उघडं राहिलं होतं. पुस्तक हनुवटीशी, वेणी खांद्यावर, सगळं जागच्या जागी गोठलेलं. नाथाजी मास्तरांनी माऊस हलवला. बाण हलला, पोरगी हलली नाही.

बनुबाई दुपारच्या एसटीने विट्याहून विश्रामबागेत मास्तरांच्या घरी आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. कान जाऊन वर्षं झालेली. समोरच्याच्या ओठांवरून त्या बोलणं उचलत. मुलगा धनाजी, मास्तरांचा जुना विद्यार्थी, कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानात. नात तिकडेच जन्मली, तिकडच्याच बोलीत वाढली. गेल्या दिवाळीत ती गावी आली, तेव्हा तिचे ओठ भराभर हलत होते आणि आजीच्या हाती एक शब्द लागत नव्हता.

“लेकरू बोलतंय, नि म्या खुळ्यावानी नुसती बघतीया,” असं त्या मास्तरांपाशी येऊन रडल्या. तेव्हापासून मास्तर रोज संध्याकाळी इंटरनेटवरून अपूर्वाला मराठी शिकवत. “तोंड मोठं उघड, बाळा. आजीला ऐकायचं नाही, बघायचं आहे.” आज ती आजीसमोर पहिल्यांदा धडा वाचणार होती. आणि आज हे!

“बसा. येईल इतक्यात,” मास्तर त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले. जिना मात्र ते दाणदाण पाय आपटत चढले.

इंद्रजितच्या खोलीत घरघर चालू होती. मास्तरांचा हा मुलगा कराडला नोकरीवर. संगणक घरी एकटाच राबत होता. पिक्चरच्या नावांची रांग, प्रत्येकापुढे वर जाणारा हिरवा बाण. मास्तरांनी वायर उपसली आणि ती हातात घेऊनच खाली आले.

तोंड तसंच उघडं होतं. त्यांनी फोन लावला.

“इंद्रजित, बंद ठेवीन म्हणाला होतास ना?”

“बंदच आहे की, बाबा! महिनाभर एक पिक्चर उतरवला नाही.”

“मग वर काय चाललं होतं?”

“ते होय? आपल्याकडचे लोकांना देतोय. अंगतपंगत असते हो ती. पिक्चर एका घरातून येत नाही, हजार जणांच्या डब्यातला एकेक घास. मग आपलाही डबा उघडा ठेवायला लागतो, नाहीतर पुढच्या वेळी कोण विचारत नाही. द्यायचं कशाला मोजतील, म्हटलं…” तो थांबला. मोबाईलवर काहीतरी पाहत असावा. “बाबा, जाणारंही मोजतात. लिमिट संपलंय. आता एक तारखेपर्यंत असंच रखडणार.”

भरल्या वर्गात ज्यांचा आवाज कधी चढला नाही, ते मास्तर कडाडले, “अरे, जगाला घास भरवत सुटलास, आणि दारात आलेली म्हातारी उपाशी उठणार!”

“मला काय माहीत, बाबा…”

“माहीत नव्हतं तर विचारायचं! पहिलीतलं पोरसुद्धा विचारतं!”

“कुणाचा तरी मोबाईल आणा की मग.”

“माझा बटणांचा, शेजारी कुलूप, आणि यांची शेवटची गाडी सुटायला आलीय. ठेव फोन!”

त्यांनी फोन टेबलावर आपटला. बनुबाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. ऐकलं काहीच नव्हतं. वाचलं सगळं होतं.

“पोराला लय बोललासा,” त्या म्हणाल्या. “तुमचं तोंड एवढं उघडल्यालं म्या कवा बघितलं न्हवतं.”

त्यांनी पिशवी उचलली. पण दाराकडे न जाता त्या पडद्याशी वाकल्या, अगदी जवळ. मग नातीसारखंच आपलं तोंड उघडून पाहिलं. बोळक्यातल्या हिरड्या दिसल्या.

“मास्तर, ह्यो ‘आ’ न्हवं का?”

“हो, ‘आ’च.”

“मंजी ‘आजी’ म्हणाया लागली हुती माजी!”

धड्याचा पहिला शब्द ‘आभाळ’ होता. कुणाचं चुकीचं उत्तर मास्तरांनी जन्मात तसंच सोडलं नव्हतं. मुठीत ती वायर अजून आवळलेली होती.

“आजीच,” ते म्हणाले, तोंड मोठं उघडून, त्यांना नीट दिसेल असं.